जळलेली पाटी

गेल्या दिवाळीच्या पंधरा दिवस आधी आमच्या घरात एक गुन्हा घडला. गुन्हेगार मी होतो आणि शिक्षा मात्र माझ्या मुलाला झाली. शाळामास्तराच्या घरी असे होणे शोभत नाही, हे मला मान्य आहे. पण झाले खरे.

मुलाला छोटी विमाने उडवायचा नाद आहे. हलक्या फोमचे विमान, त्याच्या पोटात लिथियम पॉलिमरची चपटी बॅटरी आणि जमिनीवरून त्याला नाचवणारी हातातली पेटी, असा तो सगळा संसार. त्या बॅटरीचे पथ्यपाणी मोठे कडक. तिच्यात एकामागे एक जोडलेले तीन सेल असतात. प्रत्येक सेल 4.2 व्होल्टपर्यंत भरायचा, त्यापुढे नाही. अति झाले तर बॅटरी फुगते, प्रसंगी पेटही घेते. म्हणून तिन्ही सेलांवर वेगवेगळी नजर ठेवणारा खास चार्जर लागतो. आजीने सणावारी हातावर ठेवलेले पैसे दोन वर्षे साठवून मुलाने तो घेतला होता.

त्या संध्याकाळी वीज गेली होती. इन्व्हर्टर दुरुस्तीला गेलेला. त्याची 12 व्होल्टची बॅटरी मात्र कोपऱ्यात बसून होती. मुलगा शिकवणीला गेला होता. दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे विमानाचा वार. त्याची बॅटरी आपणच भरून ठेवावी, अशी माया मला दाटून आली. चार्जरला 12 व्होल्ट चालतात, एवढे ज्ञान मला होते. आधी चार्जर सुरू करून पाहू म्हणून विजेरीच्या अंधुक उजेडात, चष्म्यावाचून, मी त्याचे दोन चिमटे त्या बॅटरीला लावले. लालच्या जागी काळा आणि काळ्याच्या जागी लाल!

‘फट्’ असा आवाज झाला. धुराची एक रेघ वर गेली आणि खोलीभर करपट वास पसरला. मी चिमटे ओढून काढले आणि चार्जर मुकाट्याने जागेवर ठेवून दिला.

मुलगा परतला तेव्हा वीज आली होती. त्याने चार्जर लावून पाहिला, हुंगला. तो काही विचारणार, तोच मी कडाडलो, “रात्रभर वस्तू चालू टाकून झोपतोस! एक दिवस घर पेटवशील!” त्याने माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली.

पुढे त्याने चार्जर उघडला, तपासला आणि तापकीर गल्लीतून लागणाऱ्या वस्तू आणल्या. एका रविवारी तो दुरुस्तीला बसला. विजेरी धरण्याचे काम मला मिळाले. आत हिरवी पाटी होती. तिच्यावरचे तांब्याचे रस्ते साधारण 0.035 मिलिमीटर जाडीचे. उलटी वीज शिरताच मॉस्फेट नावाच्या दोन दरवानांतून ती मोकाट धावली. एक दरवान कायमचा उघडा राहिला आणि तांब्याचा रस्ता वितळून तुटला. त्याखालची पाटी जळून काळी ठिक्कर पडली होती.

मुलाने जळका मॉस्फेट उतरवून त्याच क्रमांकाचा नवा बसवला. मग तो धारदार पात्याने तो काळा डाग खरवडू लागला. खरवडता खरवडता पाटीला खळगा पडला.

“अरे, पुरे की! वरून तार जोडून टाक. काळे कोणाला दिसणार आहे?”

“दिसण्याचा प्रश्न नाही, बाबा. जळून त्याचा कोळसा झालाय आणि कोळशातून वीज वाहते. तो आत राहिला तर तिला चोरवाट मिळते. आज चालेल, उद्या तिथूनच पुन्हा पेटेल.”

माझ्या हातातली विजेरी हलली.

“नीट धरा ना,” तो म्हणाला.

मी म्हणालो, “हा चार्जर मी जाळला.”

पाते क्षणभर थांबले. “माहीत आहे मला.”

“कधीपासून?”

“त्याच रात्रीपासून. चिमट्यांची वायर मी खोक्यातून कधी काढलीच नव्हती. ती टेबलावर होती.”

“मग बोलला का नाहीस?”

“वाटलं, तुम्ही सांगाल.”

एवढे बोलून तो पुन्हा खरवडू लागला. काळे संपून खाली स्वच्छ पिवळसर पाटी दिसली, तेव्हा त्याने स्पिरिटने ती पुसली. तुटलेल्या रस्त्यावर जाड तार ठेवून राळ लावली आणि दोन्ही टोकांना डाख दिला.

आता परीक्षा. त्याने वाटेत मोटारसायकलचा 12 व्होल्टचा बल्ब जोडला. आत अजून दोष असेल तर सगळी वीज बल्ब आपल्या अंगावर घेतो आणि लखलखतो, पाटी वाचते. “तुम्ही लावा,” असे म्हणून त्याने दोन्ही चिमटे माझ्या हातात दिले.

मी चष्मा घातला. लालला लाल, काळ्याला काळा, असे मोठ्याने म्हणत चिमटे लावले. बल्ब क्षणभर लुकलुकला आणि विझला. चार्जरच्या पडद्यावर निळा उजेड पसरला.

दिवाळीच्या दिवसांत दिवा लागला नाही म्हणून आनंदाने ओरडणारे बापलेक आमच्या गल्लीत तरी दुसरे कोणी नसावेत. ओरडा ऐकून मुलाची आई चकलीचा झारा घेऊनच बाहेर आली. तिने विचारले, “काय दुरुस्त झालं एवढं?”

मुलाने माझ्याकडे पाहिले. या वेळी मात्र मी त्याच्या आधी बोललो.