गुहागरची वाट आणि गाडीची वही

मैत्रिणींनो, मिक्सर कुरकुरायला लागला की आपण लगेच भांडं उलटं करून पाहतो. शिलाई मशीनला तेल कधी घातलं, गॅसची नळी कधी बदलली, हे आपल्याला तोंडपाठ असतं. पण दारातली गाडी? ती म्हणजे ‘यांचं खातं’! निदान दोन वर्षांपूर्वीपर्यंत आमच्या घरी तरी तसंच होतं. ते खातं माझ्याकडे कसं आलं, आणि त्यात गुहागरचा काय संबंध, ते आज तुम्हाला सांगणार आहे.

आमचं कुलदैवत गुहागरचा व्याडेश्वर. दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून गुहागरला जायचं, हा घरचा रिवाज. आमची गाडी छोटी, पांढरी, दहा वर्षांची. ती घेतली तेव्हापासून तिची सगळी देखभाल माझे सासरे, अण्णा, करायचे. रोज सकाळी चहा झाला की फडकं घेऊन खाली. त्यांची एक लांबट वही होती. तारीख, किलोमीटर, हवा, ऑईल, पाणी, सगळं त्यात सुवाच्य अक्षरात. आम्ही हसायचो. ‘अण्णांच्या गाडीची जन्मपत्रिका,’ असं हे म्हणायचे.

मग अण्णांना काचबिंदू झाला. नजर हळूहळू गेली आणि गाडीची किल्ली त्यांनी आपणहून यांच्या हातात दिली. वही टेबलाच्या खणात गेली. गाडी पुसायला एक मुलगा लावला. तो रोज सकाळी तेच ओलं फडकं सगळ्या गाड्यांवरून फिरवायचा. गाडी लांबून स्वच्छ दिसायची, आणि आम्हाला तेवढं पुरे होतं.

त्या वर्षी गुहागरला आम्ही अण्णांशिवाय गेलो. ओहोटी होती, वाळू घट्ट दिसत होती. फोटो छान येईल म्हणून हौसेने गाडी थेट पाण्याच्या कडेला नेली. एक लाट आली, चाकं भिजली, लेकीने टाळ्या पिटल्या. पुण्याला परतल्यावर शाळा सुरू झाली, तिमाहीच्या वह्या, पाहुणे... गाडी खालून धुवायची असते हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पुढच्या जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला आणि लेकीचे शाळेचे बूट गाडीतच भिजले. गालिचा उचलून पाहिला तर खाली चक्क तळं! गॅरेजमध्ये मिस्त्रींनी मला बोलावून दोन गोष्टी दाखवल्या. पुढच्या काचेखाली जी जाळी असते, तिच्या आत पाणी वाहून जायला भोकं असतात. आमची गाडी गुलमोहराखाली उभी असते. त्याच्या बारीक पानांचा लगदा होऊन ती भोकं बुजली होती आणि पाणी आत उतरत होतं. आणि खालून? सायलेन्सरची पट्टी, मडगार्डच्या आतली कड, सगळं तांबेरलेलं. मिठाचं काम. पावसाळ्यात बरणीतलं मीठ कसं ओलं होतं? तेच मीठ पत्र्याला चिकटलं की हवेतला ओलावा ओढत राहतं आणि पत्रा गंजतो.

घरी येऊन अण्णांना सांगितलं. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते नुसतं म्हणाले, “वही खणातच आहे ना?”

त्या रात्री मला झोप आली नाही. गाडीच्या पत्र्याबरोबर आणखीही काही आम्ही गंजू दिलं होतं. दिवसभर खुर्चीत बसून असलेल्या या माणसाला गेल्या वर्षभरात आम्ही एकही गोष्ट विचारली नव्हती.

अण्णांची शिकवणी

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी खाली खुर्ची नेली, अण्णांना बसवलं, पदर खोचला आणि म्हटलं, “सांगा, काय करू?”

शिकवणी सुरू झाली. त्यातलं महत्त्वाचं तुम्हालाही सांगते.

गाडी उन्हात धुवायची नाही. तापलेल्या पत्र्यावर पाणी लगेच सुकतं आणि डाग राहतात. आधी भरपूर पाणी ओतून धूळ भिजवायची आणि वाहू द्यायची. कोरड्या धुळीवर फडकं फिरवणं म्हणजे रंगावर वाळूचा कागद घासणं. मग टपापासून खाली यायचं, चाकं सगळ्यात शेवटी, आणि चाकांचं फडकं वेगळं. बादल्या दोन हव्यात, एक साबणाची आणि एक फडकं खळबळायची. कपड्यांची पावडर वापरायची नाही, तिने रंगावरचं मेणाचं पातळ आवरण निघून जातं. गाडीचा शाम्पू मिळतो, त्याचं एक झाकण बादलीभर पाण्याला पुरतं. पक्ष्याची घाण दिसली की त्याच दिवशी ओल्या फडक्याने भिजवून काढायची, नाहीतर ती रंग खाते.

आतली सफाई तर आपल्या हातचीच. गालिचे आधी कोरडेच झटकायचे. वाळू असताना पाणी लावलं तर ती आणखी आत जाऊन बसते. दूध सांडल्याचा किंवा मासळीचा वास राहिला तर खायचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवावा आणि सकाळी झाडून काढावा. समोरच्या डॅशबोर्डला तेलकट चकचकीत काही लावू नये, त्याचं प्रतिबिंब काचेत पडून रस्ता दिसत नाही. सीटचे पट्टे सौम्य साबणाने पुसून सावलीत सुकवावेत.

आणि बॉनेटखाली? मला वाटलं होतं, तिथे आपलं काही चालायचं नाही. पण आठवड्यातून एकदा पाच मिनिटं पुरतात. गाडी सपाट जागी हवी, इंजिन बंद करून थोडा वेळ गेलेला हवा. ऑईलची पट्टी ओढायची, पुसायची, परत घालून ओढायची; ऑईल दोन खुणांच्या मध्ये दिसलं पाहिजे. रेडिएटरचं झाकण गरम असताना कधीही उघडायचं नाही. कुकरची शिट्टी उतरायच्या आधी झाकण उघडतो का आपण? तसंच. बॅटरीच्या टोकांवर पांढरी भुकटी साठली तर आधी उणे खुणेची वायर सोडवायची, मग दुसरी, आणि खायच्या सोड्याच्या कोमट पाण्याने जुन्या दातांच्या ब्रशने साफ करायचं. लावताना उलट क्रम. टायरमधली हवा सकाळी, टायर गार असताना पाहायची. किती हवी तो आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. स्टेपनीची हवा तेव्हाच पाहायची, तिचं काम पडल्यावर नव्हे.

एक गंमत सांगते. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात केलेला टायर. आपण पिठाच्या पिशवीवरची तारीख पाहतो, मग टायरची का नाही?

दर रविवारी मी वहीत नोंद करायची आणि अण्णांना वाचून दाखवायची. माझं अक्षर त्यांच्यासारखं नाही, पण ते त्यांना कुठे दिसतंय!

पुन्हा गुहागर

दिवाळी जवळ आली तेव्हा अण्णा म्हणाले, “या खेपेला मीही येतो. दर्शन व्हायचं नाही, पण घंटा तरी वाजवीन.” मग काय! जायच्या आदल्या दिवशी मी वायपरच्या पट्ट्या बदलल्या, काचेच्या पाण्याची टाकी भरली, काचेखालची जाळी हाताने साफ केली.

पहाटे पाचला निघालो. पौड, मुळशी, आणि मग ताम्हिणी घाट. पाऊस संपून महिनाच झाला होता, डोंगर अजून हिरवे होते. उतारावर हे नुसता ब्रेक दाबायला लागले की अण्णा मागून म्हणायचे, “गिअर खाली घे. ब्रेक तापतील.” डोळे मिटून बसलेल्या माणसाला इंजिनाच्या आवाजावरून सगळं कळत होतं. माणगाव, महाड, खेड करत दापोली गाठली. वाटेत एका खड्ड्यात गाडी धाडकन आदळली. सगळे दचकलो, पण गाडी नीट चालत होती. पुढे निघालो.

दाभोळला फेरीबोट मिळते. गाडीसकट बोटीवर चढायचं, हँडब्रेक ओढायचा आणि वाशिष्ठीची खाडी ओलांडून पलीकडे धोपाव्याला उतरायचं. चिपळूणचा वळसा वाचतो. मुख्य म्हणजे मजा येते! एका बाजूला समुद्राचं मुख, दुसरीकडे डोंगर, वर घारी. अण्णांनी काच खाली करायला लावली आणि खारा वारा तोंडावर घेत बसून राहिले. “पलीकडे अंजनवेलचं दीपगृह दिसतंय का?” त्यांनी विचारलं. त्यांच्या मनातला नकाशा शाबूत होता.

गुहागर अजून तसंच आहे. लांबच लांब एक रस्ता, दोन्ही बाजूंना घरं, घरामागे नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि वाडी संपली की सुरूची झाडं आणि समुद्र. आम्ही खालच्या पाटात एका ओळखीच्या घरी उतरलो. अंगणात सुपारी वाळत घातलेली, स्वयंपाकघरातून कुळथाच्या पिठल्याचा वास. संध्याकाळी व्याडेश्वराला गेलो. अण्णांनी घंटा वाजवली, खांबाला हात लावला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. किनाऱ्यावर मात्र चालतच गेलो. गाडी लांब वाडीतच.

निघायच्या आदल्या दिवशी विहिरीच्या गोड्या पाण्याने गाडी धुवायला काढली. साबण नाही, नुसतं पाणी. ते पोफळींच्या मुळाशी गेलं तर बिघडत नाही. चाकांच्या वरची पोकळी, मडगार्डच्या आतल्या कडा, खालचा भाग, सगळीकडे पाणी मारलं. चाकंही धुतली. ‘झालं’ म्हटलं, तर अण्णा म्हणाले, “मला प्रत्येक चाकापाशी ने.”

मी त्यांना पाटावर बसवलं. ते तळवा टायरवरून सावकाश फिरवायचे, आजारी मुलाच्या कपाळावरून फिरवावा तसा. तीन चाकं झाली. चौथं, पुढचं डावं. हात थांबला. परत मागे गेला.

“इथे बघ.”

टायरच्या कडेला, अर्ध्या लिंबाएवढं टेंगूळ होतं. मी तेच चाक दहा मिनिटांपूर्वी धुतलं होतं! चिखल काढण्याच्या नादात मला ते दिसलंच नव्हतं. त्या खड्ड्याचा हा प्रसाद. मार बसला की टायरच्या आतले धागे तुटतात आणि त्या जागी हवा रबराला बाहेर ढकलते. असा टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो, नाहीतर तो चालता चालता फुटतो. दुसऱ्या दिवशी आम्हाला कुंभार्ली घाट चढायचा होता, आणि उंब्रजपासून पुढे हमरस्त्यावर ट्रकांच्या रांगेत वेगाने जायचं होतं. मागच्या सीटवर लेक आणि अण्णा. माझे हातपाय गार पडले.

स्टेपनी हवेने भरलेली होती, कारण वहीत ती दर रविवारी लिहिली जात होती. मागच्या चाकाला दगडाची उटी लावली. चाकाचे नट आधी किंचित सैल करून मग जॅक चढवायचा आणि शेवटी नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळायचे, हे अण्णांनी पाटावरूनच सांगितलं. जॅक यांनी लावला, पाना मी धरला. दुसऱ्या दिवशी चिपळूणला नवा टायर घेतला आणि मगच पोफळीवरून घाट चढलो. कोयनानगरला चहा प्यायलो. त्या चहाची चव अजून जिभेवर आहे.

परतल्यावर रविवारी वहीत लिहिलं : ‘पुढचा डावा टायर नवा. टेंगूळ सापडलं, गुहागर.’ अण्णांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “कुणाला सापडलं, ते लिही की!” आणि खळखळून हसले. दोन वर्षांत त्यांना असं हसताना मी ऐकलं नव्हतं.

तेव्हा मैत्रिणींनो, या सुट्टीत कोकणात जाणार असाल तर जरूर जा, फेरीबोटीने जा. पण निघण्यापूर्वी पाचही टायरची हवा पाहा, समुद्रावरून आल्यावर गाडी खालून धुवा आणि धुताना चाकांवरून एकदा तळहात फिरवा. आणि घरात एखादं जाणतं माणूस खुर्चीत गप्प बसलेलं असेल, तर ती खुर्ची गाडीपाशी न्या. त्यांना विचारण्यासारखं पुष्कळ असतं.