वर्गणीची यादी

शाळा म्हटली की वर्ग, फळा, पुस्तके आणि परीक्षा एवढेच चित्र पुष्कळ आईबापांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु शेवटची घंटा झाल्यावर जी दुसरी शाळा भरते, तिच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. वादविवाद मंडळ, हस्तलिखित मासिक, बालवीर पथक, सहल आणि वर्षाअखेरचे स्नेहसंमेलन ही त्या शाळेची दालने होत. तेथे गुण मिळत नाहीत. पण चारचौघांत कसे वागावे, याचा पहिला धडा मूल तेथेच गिरवते. तो धडा आम्ही कसा चुकलो, ती हकीगत आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

विद्यार्थ्यांची मंडळे ही काही कालची गोष्ट नव्हे. रोम शहरातील येशूसंघीयांच्या विद्यालयात जाँ ल्यूनिस या तरुण बेल्जियन गुरुजनाने १५६३ साली शाळकरी मुलांना एकत्र करून प्रार्थना व परोपकार यांसाठी एक मंडळ स्थापिले आणि पुढे त्याच्या शाखा देशोदेशीच्या विद्यालयांत निघाल्या. १९०७ साली इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर बेडन-पॉवेल यांनी सुमारे वीस मुलांची छावणी भरविली. तिच्यातून बालवीर चळवळ जन्मास आली. त्या छावणीत श्रीमंतांची मुले आणि कष्टकऱ्यांची मुले त्यांनी मुद्दाम एकत्र ठेविली होती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आपल्या देशात निरनिराळी बालवीर पथके एकत्र येऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था झाली.

आमची शाळा बेळगाव जिल्ह्यातील. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर तो जिल्हा म्हैसूर राज्यात गेला होता. मधल्या सुट्टीत मराठी, कोंकणी आणि कानडी या तिन्ही भाषा एकाच चिंचेखाली ऐकू येत. १९६१ च्या डिसेंबरात गोवामुक्तीसाठी निघालेल्या लष्कराच्या गाड्या बेळगावच्या रस्त्यांवरून जात होत्या, आणि आम्हा मुलांच्या बोलण्यात दुसरा विषय नव्हता. तो उत्साह ओसरतो न ओसरतो तोच स्नेहसंमेलन आले.

त्या वर्षी वर्गाचे खजिनदारपद आमच्याकडे होते. पंगतीसाठी वर्गणी दरडोई दीड रुपया, म्हणजे दीडशे नवे पैसे. वसुली लवकर व्हावी म्हणून आम्ही एक युक्ति काढली: ज्यांची वर्गणी आली नाही त्यांची नावे रोज सकाळी फळ्याच्या कोपऱ्यात लिहावयाची. युक्ति नामी ठरली. पहिल्या दिवशी सतरा नावे होती, दुसऱ्या दिवशी नऊ, आणि आठवडा संपता संपता एकच उरले. ते आमच्याच बाकावरील सोबत्याचे होते.

हा मुलगा कौलांच्या भट्टीवर राबणाऱ्या एका मजुराचा. त्याचे अक्षर मोत्यासारखे होते. शाळेच्या हस्तलिखित मासिकाची एकच प्रत निघे, आणि तिचे पानन् पान त्याच्या बोरूने लिहिलेले असे. संमेलनाच्या दिवशी ते मासिक पाहुण्यांपुढे मेजावर मांडलेले होते. पाहुण्यांनी ते चाळले, अक्षराची तोंड भरून स्तुति केली आणि लिहिणारा कोण म्हणून विचारले. लिहिणारा आला नव्हता. आम्ही पंगतीला बसलो, जिलबी वाढली गेली, आणि शेजारचे पान रिकामेच राहिले.

दुसऱ्या दिवशी त्याने सांगितले, "ताप आला होता." आम्ही विश्वास ठेविला, कारण विश्वास ठेवणेच सोयीचे होते. चार दिवसांनी एक वही परत करावयास आम्ही त्याच्या घरी गेलो. तो पाणी आणण्यास गेला होता. त्याच्या आईस आम्ही तापाविषयी विचारले. ती माउली क्षणभर आमच्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "ताप कसला रे बाळा? सदरा धुऊन ठेवला होता मी. दीड रुपयाच नव्हता." तिच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर आम्हांस सोसला असता.

पुढच्या वर्षी, १९६२ साली, बालवीर पथक सांभाळणारे आमचे सर स्नेहसंमेलनाचे प्रमुख झाले. त्यांना ही गोष्ट कोणी सांगितली हे आम्हांस कधीच कळले नाही. पहिल्याच सभेत ते म्हणाले, "यंदा घरून कोणी एक पैसाही आणायचा नाही. ज्याने त्याने आपल्या हातांनी मिळवायचा, आणि किती मिळवला हे कोणाला सांगायचे नाही." विलायतेत १९४९ पासून बालवीर मुले घरोघर जाऊन एका शिलिंगास एक काम करून देत असत, ही माहिती त्यांनी आम्हांस पुरविली. आपल्या देशातील बालवीरांत ही प्रथा 'खरी कमाई' या नावाने ओळखली जाते.

सरांनी एक पत्र्याचा डबा आणला, त्यास कुलूप लाविले आणि झाकणास चीर पाडली. यादी नाही, पावती नाही. कोणी सायकली पुसल्या, कोणी विहिरीचे पाणी वाहिले, कोणी चुना लाविला. आम्ही सोबत्याबरोबर गवत कापावयास गेलो. विळा कसा धरावा हेही आम्हांस ठाऊक नव्हते. ते त्यानेच शिकविले. दुपारपर्यंत आमच्या तळहातास फोड आले आणि पदरी साठ नवे पैसे पडले. त्याने आमच्या दुप्पट गवत कापले होते. दीड रुपया म्हणजे काय, हे त्या दिवशी आमच्या हातांस समजले.

बांधावर भाकरी खाताना आम्ही धीर करून म्हटले, "ती यादी आम्ही लिहिली होती. चुकले."

तो भाकरी मोडीत म्हणाला, "यादीचे जाऊ दे. पण फळ्यावर माझे नाव किती वाकडे लिहिलेस रे! मला सांगितले असतेस, तर मीच नीट लिहून दिले असते."

आम्ही हसलो, पण तो घास बराच वेळ घशाखाली उतरला नाही.

त्याच ऑक्टोबरात चीनचे आक्रमण झाले होते. डबा उघडल्यावर अर्धी रक्कम राष्ट्रीय संरक्षण निधीस द्यावी असे सर्वानुमते ठरले. पंगत साधीच झाली; भात, आमटी आणि एक भाजी. जिलबी नव्हती. परंतु एकही पान रिकामे नव्हते.

आज आमच्या नातवंडांच्या शाळेतही सहल आहे, संमेलन आहे, पोशाखाचे दिवस आहेत आणि त्यांच्या वर्गण्याही आहेत. ही मंडळे आणि या परंपरा मुलांना हव्यातच. त्यांवाचून शाळा कोरडी होईल. मात्र मूल घरी येऊन "संमेलन छान झाले" असे सांगेल, तेव्हा आईबापांनी एक प्रश्न अवश्य विचारावा: "कोण आले नव्हते?" आम्हांस त्या वयात कोणी तो विचारला असता, तर एका माउलीने धुऊन ठेविलेला सदरा तसाच घडी करून परत ठेवावा लागला नसता.