सांदवाडीतली वेधशाळा

हॉस्टेलवर नवीन पोरगं आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "गाव कोणतं?" मी सांगतो, "चामोर्शी." मग दुसरा, "हे कुठं आलं?" "गडचिरोली जिल्ह्यात." यावर समोरच्याचे डोळे मोठे होतात आणि तिसरा प्रश्न येतो, "तिकडे लाईट आहे का रे?"

तर मंडळी, लाईट आहे. फ्रिज, टीव्ही, मोबाइलचा टॉवर, सगळं आहे. पण रात्री गावाच्या कडेला जाऊन उभं राहिलं की अंधारही आहे, आणि आज मला त्या अंधाराबद्दलच लिहायचं आहे. आकाशाचे फोटो काढायचे म्हटले तर सगळ्यात महाग वस्तू कोणती? कॅमेरा? दुर्बीण? नाही. सगळ्यात महाग वस्तू अंधार! पुण्या-मुंबईचे हौशी लोक त्यासाठी शनिवारी गाड्या काढून गावाबाहेर दूरवर जातात. आमच्याकडे तो घरामागच्या सांदवाडीत फुकट पडलेला असतो. (सांदवाडी म्हणजे परसबाग. वालाचा मांडव, दोन-चार वांग्याची झाडं आणि एक विहीर असली की झाली सांदवाडी.)

आमच्या भागातल्या लोकांनी एकदम, एकाच वेळी वर पाहिलं ते २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी. पावणेआठच्या सुमारास आकाशातून पेटलेल्या ठिणग्यांची रांग सरकत गेली. कुणी म्हणे उल्का, कुणी म्हणे विमान, कुणी म्हणे क्षेपणास्त्र. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं एक मोठं कडं येऊन पडलं. तो चीनच्या 'लाँग मार्च ३ बी' रॉकेटच्या वरच्या टप्प्याचा अवशेष असावा, असा निष्कर्ष पुढे जाणकारांनी काढला. विदर्भात शेकडो मोबाइलांनी त्या रात्री ती रांग टिपली. पण नुसता व्हिडिओ म्हणजे गंमत. त्याच्यासोबत नेमकी वेळ, दिशा आणि क्षितिजापासूनची उंची लिहून ठेवली तर त्याचं निरीक्षण होतं. आपल्या जर्नलमध्ये 'ऑब्झर्व्हेशन टेबल' का असतो, हे मला प्रॅक्टिकलपेक्षा त्या रात्रीनं जास्त नीट समजावलं.

मी सांदवाडीत कॅमेरा लावून बसायला लागलो तेव्हा आजीला काळजी वाटली. "काऊन रे बाबू, रातभर आभाळात का पायतेस?" मी सप्तर्षी दाखवले. ती हसून म्हणाली, "ते त् बाजलं होय! चार खुरं म्हतारीच्या बाजलीचे, अन् मांगचे तीन चोर." मला वाटलं, ही आजीची घरगुती गोष्ट असेल. नंतर कळलं, की टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विदर्भातल्या गावोगावी जाऊन गोंड लोकांचं आकाशज्ञान नोंदवलं आणि २०१३ मध्ये त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात ही खाटही आहे आणि चोरही आहेत. म्हणजे आम्हाला आकाश नवीन नाही, नवीन आहे तो फक्त कॅमेरा.

आता कामाचं बोलू. 'सुरुवात कशानं करू?' असं विचाराल, तर जवळ असेल त्यानं. मोबाइलमध्ये 'प्रो' मोड असेल तर दीडदोनशे रुपयांचं मोबाइल होल्डर आणि एक तिवई पुरते. आयएसओ १६०० च्या आसपास, शटर १५ ते २० सेकंद, फोकस अनंतावर आणि बटण दाबल्यावर हात हलू नये म्हणून टायमर. एवढ्यावर मृग नक्षत्र, व्याध आणि कृत्तिका फोटोत येतात. डीएसएलआर मिळाला, जुना का असेना, तर अधिक चांगलं. त्याच्यासोबत येणारी साधी १८-५५ची लेन्स १८ वर ठेवायची, ॲपर्चर पूर्ण उघडायचं आणि फोटो 'रॉ'मध्ये काढायचा. फोकससाठी लेन्सवरच्या खुणेवर भरवसा ठेवू नका. स्क्रीनवर एखादा ठळक तारा दहापट मोठा करून बघा आणि तो टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत रिंग अगदी हळू फिरवा. मग रिंगला चिकटपट्टी लावून टाका, म्हणजे अंधारात धक्का लागला तरी फोकस हलत नाही.

शटर वाटेल तेवढा वेळ का उघडं ठेवायचं नाही? कारण पृथ्वी फिरते. दर चार मिनिटांना आकाश एक अंश सरकतं आणि ताऱ्याचा ठिपका न येता शेवई येते. यावर '५०० चा नियम' आहे. ५०० ला लेन्सच्या फोकल लेंग्थनं भागा, कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असेल तर आणखी १.६ नं भागा. १८ मि.मी. लेन्सला उत्तर येतं १७ सेकंद, ५० मि.मी.ला फक्त ६ सेकंद. सहा सेकंदांत काय प्रकाश गोळा होणार?

इथे आपलं इंजिनिअरिंग कामाला येतं. दोन फळ्या घ्या, एका बाजूला बिजागरी लावा, दुसऱ्या बाजूला खालच्या फळीतून एक बोल्ट वर आणा. बोल्ट फिरवला की वरची फळी उघडत जाते आणि तिच्यावरचा कॅमेरा आकाशासोबत वळतो. याला 'बार्न डोअर ट्रॅकर' म्हणतात. आता गणित बघा. एम-६ बोल्टचा पिच १ मि.मी. मिनिटाला एक फेरा दिला तर तो मिनिटाला १ मि.मी. चढणार. आकाशाचा एक फेरा २३ तास ५६ मिनिटांचा, म्हणजे १४३६ मिनिटांचा. तेव्हा ज्या वर्तुळाचा परीघ १४३६ मि.मी. आहे त्याची त्रिज्या काढा. उत्तर, सुमारे २२८.५ मि.मी. बिजागरीच्या पिनेपासून बोल्टचं अंतर एवढं ठेवलं की झालं! मोटर नको, सर्किट नको. घड्याळाकडे बघत दर १५ सेकंदांनी पाव फेरा द्यायचा. सरळ बोल्टमुळे थोडी चूक साठत जाते, पण पाच मिनिटांच्या आत ती जाणवतही नाही.

फक्त बिजागरीची पिन ध्रुवाकडे रोखलेली हवी. चामोर्शीचा अक्षांश साधारण २०°, म्हणून ध्रुवतारा उत्तर क्षितिजावर २० अंशांवर दिसतो. हात ताठ करून मूठ डोळ्यांसमोर धरली की सुमारे १० अंश होतात. तेव्हा क्षितिजावर दोन मुठी रचा, वर ध्रुव सापडेल. पिनेला समांतर एक शीतपेयाची नळी चिकटवायची आणि तिच्यातून ध्रुव दिसेल असं सगळं बसवायचं. उत्तरेकडे तोंड केल्यावर बिजागरी डाव्या हाताला आणि बोल्ट उजव्या हाताला. उलट लावाल तर शेवई दुप्पट लांब येईल!

एवढं करून पहिला फोटो कसा येतो? करडा, मळकट, कणीदार. निराश होऊ नका. एकच फोटो काढायचा नसतो, साठ-सत्तर काढायचे आणि 'डीप स्काय स्टॅकर' किंवा 'सिरिल' या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ते एकावर एक रचायचे. ६४ फोटो रचले तर ताऱ्याचा सिग्नल ६४ पट होतो, पण नॉइज फक्त ८ पट, कारण ती वर्गमुळानं वाढते. शेवटी लेन्सला झाकण लावून तेवढ्याच शटरचे दहा-वीस काळे फोटोही काढा. सेन्सरचे स्वतःचे डाग त्यातून वजा होतात. मृगातल्या तेजोमेघाचा गुलाबी पंखा असा रचून पहिल्यांदा स्क्रीनवर आला, तेव्हा घरात सगळ्यांना उठवून दाखवला. बाबा डोळे चोळत म्हणाले, "हे आपल्या विहिरीच्या वर आहे?" हो, आपल्याच विहिरीच्या वर, फक्त सुमारे १३०० प्रकाशवर्षं लांब.

दुर्बिणीबद्दलही दोन शब्द. डब्यावर '५२५ पट' छापलेली ६० मि.मी.ची दुर्बीण पाहून हुरळू नका. भिंगाच्या दर मि.मी.ला जास्तीत जास्त दोन पट, म्हणजे ६० ला १२०, हा व्यवहारी हिशेब. त्यापुढे चित्र मोठं होतं, पण स्पष्ट होत नाही. बघण्यासाठी सहा इंची डॉब्सोनियन उत्तम. डेरेदार बैठक, आरसा, नळी, बाकी भानगड नाही. आरसा स्वतः घासायची हिंमत असेल तर पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या (स्थापना १९४४) संस्थांकडे चौकशी करा. शोधक दुर्बीण दिवसाच लांबच्या टॉवरवर रोखून मुख्य नळीशी जुळवून घ्या, पण सूर्याच्या जवळपासही नळी फिरवू नका. खास फिल्टरशिवाय सूर्य म्हणजे डोळा गेला, दुसरी संधी नाही. रात्री आरसा अर्धा तास बाहेर गार होऊ द्या, नाहीतर प्रतिमा पाण्यातल्यासारखी हलते. चंद्र मग मोबाइल आयपीसला टेकवूनही सुरेख येतो. गुरूचे चार चंद्र आणि शनीचं कडंही दिसतं. ही तिन्ही मंडळी उजेडाला भीत नाहीत, तेव्हा आपल्या हॉस्टेलच्या गच्चीवरूनही आज रात्री सुरुवात करता येईल.

तेजोमेघ आणि आकाशगंगेचं मात्र तसं नाही. त्यांना अंधारच लागतो. आमच्याकडे अमावास्येला लोक बाहेर पडत नाहीत, आणि फोटोवाल्यांचा खरा मुहूर्त तोच. मार्कंड्याला महाशिवरात्रीची जत्रा भरते तेव्हा चतुर्दशी असते, म्हणजे संध्याकाळी चंद्र नसतो. डिसेंबरमध्ये झाडीपट्टीची नाटकं रात्रभर रंगतात तेव्हा अगस्तीही वर असतो. त्या दिवसांत वैनगंगेकडून धुकं येतं आणि लेन्सवर दव बसतं, म्हणून लेन्सला पुठ्ठ्याची लांब नळी घालायची. आणि मार्च-एप्रिलमध्ये बायाबापे पहाटे चारला उठून मोहफुलं वेचायला निघतात, त्या वेळी आकाशगंगेचा सगळ्यात दाट भाग आग्नेयेला वृश्चिक आणि धनू राशींपाशी उभा असतो. हातात टोपली घेतलेल्या माणसांनी तो वर्षानुवर्षं पाहिला आहे. फोटोच्या नादानं जंगलात मात्र जाऊ नका. आमच्याकडे वाघ खरे आहेत, आणि २०२१ पासून रानटी हत्तीही आले आहेत. सांदवाडी बरी.

पण सांदवाडीतला अंधारही आता कमी होतो आहे. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या काकांनी गोठ्यावर एलईडीचा पांढराफेक दिवा लावला. आमचा सगळा पूर्वेचा आभाळ धुऊन निघाला. दिवा बंद करा, असं मी कोणत्या तोंडानं म्हणणार? बिबट्यानं त्यांची शेळी नेली होती. माझ्या फोटोसाठी त्यांनी अंधारात राहावं, असं थोडंच आहे? मी दिव्याखाली उभा राहून पाहिलं तर अर्धा उजेड आडवा आणि वर चालला होता. ना शेळीला उपयोग, ना काकांना. मग आम्ही दोघांनी मिळून तेलाच्या पिपाचा पत्रा कापला, आतून पांढरा रंग दिला आणि दिव्यावर टोपी बसवली. वाया जाणारा उजेड खाली वळला. गोठा आधीपेक्षा लख्ख झाला आणि सांदवाडीत पुन्हा कृत्तिका दिसायला लागल्या. काका म्हणाले, "असं त् गल्लीतल्या सगळ्याच दिव्यायले पायजे."

हेच काम मोठ्या प्रमाणावर झालं आहे ते आपल्याच विदर्भात. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी आसपासच्या गावांतले दिवे बदलून त्यांचा उजेड खाली वळवला गेला. गावं अंधारात गेली नाहीत, फक्त आभाळ वाचलं. रस्ते, कारखाने, हायमास्ट आमच्या तालुक्यातही येत आहेत आणि ते यायलाच हवेत. आमच्या लोकांनी उजेडाची फार वाट पाहिली आहे. पण दिवा बसवतानाच त्याला टोपी घातली, तर उजेड आणि आकाश यांपैकी एकच निवडायची पाळी येणार नाही. आणि दिवे कोण बसवतं? इथे या कॉलेजात बसलेलेच कोणीतरी उद्या त्यांचं टेंडर लिहिणार आहेत. तेव्हा इलेक्ट्रिकलवाल्यांनो, तेवढं लक्षात ठेवा.

आणि मेकॅनिकलवाल्यांनी वर्कशॉपच्या सरांना विचारून दोन फळ्या, एक बिजागरी आणि एक एम-६ बोल्ट मागून घ्यावा. २२८.५ मि.मी. वर नीट मार्किंग करा. डिसेंबरच्या सुट्टीत ज्याला यायचं त्यानं चामोर्शीला या. दिवसा मार्कंड्याची देवळं दाखवीन, रात्री सांदवाडी. स्वेटर आणि चादर मात्र आपापली आणा. वैनगंगेची थंडी हॉस्टेलच्या थंडीसारखी नाही.