शब्दांचे दुवे

व्याकरण आपल्याला येते, असे मलाही पुष्कळ वर्षे वाटत होते. मग एकदा ‘लिंक ग्रामर’ हा मुक्त वाक्यविश्लेषक मूळ आज्ञावलीपासून संगणकावर उभा करायला बसलो. डॅनियल स्लीटर व डेव्ही टेम्परली यांनी १९९१ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात मांडलेली ही पद्धत. ‘कॉन्फिगर’, ‘मेक’, ‘मेक इन्स्टॉल’ एवढ्याच आज्ञा. पण पहिलीच एका नसलेल्या लायब्ररीपाशी अडली आणि संध्याकाळ गेली.

मूळ फायली हाती असल्याने शब्दकोश उघडून पाहिला. प्रत्येक इंग्रजी शब्दाचा दुवा डावीकडे जुळतो की उजवीकडे, हे तेथे नोंदलेले असते.

मी मराठी नोंदी करू लागलो आणि ‘रामाने आंबा खाल्ला’पाशी थांबलो. ‘आंबा रामाने खाल्ला’ हेही शुद्धच. म्हणजे कर्ता कोण हे येथे स्थान नव्हे, ‘ने’ सांगतो. क्रियापद मात्र आंब्याच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. चिंच असती तर ‘खाल्ली’. हा कर्मणी प्रयोग मी वर्षानुवर्षे शिकवला होता. यंत्राला सांगताना त्यातली एकही पायरी गृहीत धरता येईना.

तुम्हीही रोजचे एक वाक्य घ्या आणि मराठी मुळीच न जाणणाऱ्याला ते समजावून पाहा. जेथे अडखळाल, तेथून तुमचा अभ्यास सुरू होईल.