गावठी अंडं

अंडं फोडायचं, बलक या तळहातावरून त्या तळहातावर घ्यायचा, आणि दर वेळी मोकळा हात फडक्याला पुसायचा. पांढरं निघून गेलं की बलक चिमटीत धरून खालून सुईनं टोचायचा. पापुद्रा बोटांत राहतो, रस वाटीत उतरतो. त्यात तेवढंच पाणी. मरियामातेचे चेहरे मी याच रसात रंग कालवून रंगवत आलो. चित्रापेक्षा मला ही पहिली दोन मिनिटंच जास्त आवडतात, हेही कबूल करतो.

इटलीतल्या चेन्निनो चेन्निनी या चित्रकारानं 1400च्या सुमारास कारागिरांसाठी एक पोथी लिहिली. तरुण चेहऱ्याला शहरातल्या कोंबडीचं अंडं घ्या, त्याचा बलक फिकट असतो. म्हाताऱ्या नि सावळ्या चेहऱ्याला खेड्यातलं, लालसर बलकाचं, असं तो सांगतो. म्हणजे आपल्या भाषेत मरियामातेला पोल्ट्रीचं, म्हातारबाबांना गावठी! मी दोन्ही वापरून पाहिली. बलकाचा पिवळेपणा उजेडात थोड्याच दिवसांत उडून जातो, मग कुठलं अंडं कुठलं ते कळतसुद्धा नाही.

हाच गृहस्थ पुरुषाच्या देहाची मापं चेहऱ्याच्या हिशेबानं बारकाईनं देतो, आणि बाईला परिपूर्ण माप नसतंच म्हणून तिचं प्रकरण सोडून देतो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला होता. पुढे सिएनाच्या दुच्चो या चित्रकाराची ‘माएस्ता’ पाहिली. 1311 साली हे चित्र त्याच्या कार्यशाळेतून थेट कॅथेड्रलपर्यंत मिरवत नेलं होतं. त्यातल्या मरियेचं नाक भुवईपासूनच निघाल्यासारखं लांब, ओठ इवलेसे, मान किंचित कललेली. असं नाक घेऊन कोणी बाई बाजारात दिसायची नाही. तरी नजर हलत नाही. सगळा जीव पापणीत आहे. ती केसभर वर गेली की शेजारीण आपल्याकडे बघत उभी राहते, केसभर खाली आली की बाईला झोप लागते.

त्या काळच्या अशा चित्रांत चेहरे हिरवट दिसतात, ते आजारी म्हणून नव्हे. त्वचेखाली आधी हिरव्या मातीचा थर द्यायचा, त्यावर सफेदा आणि हिंगूळ मिसळून गुलाबी छटा पातळ रेघांनी चढवायच्या, आणि खालचा हिरवा पुरता बुजू द्यायचा नाही. काळानं वरचा गुलाबी झिजला की हिरवा वर येतो. रक्तामांसाचा भास या दोन रंगांच्या भांडणातून होतो.

एका धर्मग्रामासाठी मी अशीच मरिया केली. चेहरा नकळत आजीवर गेला, रंगही. बघायला आलेले म्हणाले, “छान आहे, पण जरा उजळ करा.” गोव्याचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांनी 1930च्या दशकात चित्रात मरियेला साडी नेसवली, तेव्हा त्यांना इतकी बोलणी खावी लागली की ते गोवा सोडून पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात येऊन राहिले. माझं दुखणं त्यापुढे किरकोळच. मी गुलाबी चढवला. हिरवा बुजला आणि आजीनं पावडर थापल्यासारखं झालं. रात्री बसून गालावरचा थर खरवडला, सकाळी आगाऊ घेतलेले पैसे परत दिले.

चित्र माझ्याच खोलीत आहे. डाव्या गालावर हिरवा जरा जास्तच दिसतो.