बाद ठरलेल्या धावा

सर्नच्या प्रयोगात काम करतो म्हटलं, की नागपुरात लोक हिग्ज बोसॉनबद्दल विचारतात. आमचं काम त्याच्या बरंच अलीकडचं: यंत्र खरं बोलतंय ना, एवढं पाहायचं. सीएमएस हे टकरींतले कण टिपणारं आमचं १४,००० टनांचं यंत्र फ्रान्समधल्या सेसी गावाखाली सुमारे १०० मीटर खोल आहे. त्याचे आलेख मी धरमपेठेत कूलरसमोर बसून पाहतो.

सुरुवात शून्यापासून. प्रोटॉनची टक्कर झाली नाही, तरी यंत्राचा प्रत्येक चॅनेल, म्हणजे मोजणीची एकेक वाट, काहीतरी मोजतच असतो. कळमन्याच्या बाजारात माल चढवण्याआधी रिकाम्या काट्याकडे बघतात, तसे आम्ही हे 'पेडेस्टल' आधी बघतो आणि वजा करतो.

मग रोजची झीज. ऊर्जा मोजणारे लेड टंगस्टेटचे सुमारे ७६,००० स्फटिक किरणांच्या माऱ्याने अंधुक होतात आणि झोत थांबला की थोडे निवळतात. कालचा गुणांक आज चालत नाही. म्हणून प्रोटॉनच्या फेरीत मोकळ्या ठेवलेल्या तीनेक मायक्रोसेकंदांत लेझर सोडतात. साधारण ४० मिनिटांत सगळे स्फटिक तपासून होतात, मोजणी क्षणभरही न थांबवता. अख्ख्या यंत्रातली मला सर्वांत आवडणारी युक्ती हीच.

चुंबकाबाहेरच्या हेड्रॉन कॅलरीमीटरच्या उभारणीत मुंबईच्या टीआयएफआरचा मोठा वाटा. २०१३-१४ मध्ये यंत्र बंद होतं, तेव्हा त्याचे जुने प्रकाशग्राहक काढून सिलिकॉनचे बसवले. हे उष्णतेला हळवे: तापमान वाढलं की सिग्नल घटतो. मे महिना काढलेल्या नागपूरकराला याचं नवल नाही.

पडद्यावर लाल झालेला बिघाड कुणीही ओळखतं. मला धास्ती वाटते ती फार गुळगुळीत आलेखाची. कारण अडकलेला चॅनेलही शांतच दिसतो. तिथे जुने ओळखीचे कण कामी येतात. झेड बोसॉनपासून निघालेल्या म्युऑनच्या जोडीचं वस्तुमान ९१.२ जीईव्हीच्या आसपास यायलाच हवं. शिखर जरा सरकलं, की नवा कण सापडला म्हणून नाचायचं नाही, मुकाट्याने कॅलिब्रेशन तपासायचं.

शेवटी प्रत्येक धावेवर, म्हणजे सलग मोजणीच्या एकेका तुकड्यावर, शेरा: चांगली किंवा बाद. नवशिके बाद म्हणायला कचरतात. कचरू नये, एक वाईट धाव गेली तर थोडी आकडेवारी जाते, राहिली तर निष्कर्ष नासतो. भौतिकशास्त्राची पदवी, संगणकाची गोडी आणि शंकेखोर स्वभाव असलेल्या विदर्भातल्या मुलामुलींनो, या कामाकडे जरूर वळा.