टॅब सगळ्यांचा

बंगळूरचं जयनगर १९४८ साली वसायला लागलं. तिथे वाढलेल्या आमच्या पिढीला वस्तू कधी एकट्याची वाटलीच नाही. रेडिओ सगळ्यांचा. शिवणयंत्र सगळ्यांचं. टेलिफोन तर सगळ्या गल्लीचा, पीपी नंबर म्हणून तो लग्नपत्रिकेतही छापला जाई. मराठी दिवाळी अंक एकच यायचा आणि तो वाचण्याचा क्रम ठरलेला असे. आधी आजोबा, मग आई, मग चौथ्या ब्लॉकातल्या मावशी. मावशींकडून अंक परत यायचा तो खाकी कागदाचं कव्हर घालूनच.

कव्हर हा आमच्या घराचा धर्मच होता. रेडिओवर क्रोशाचा रुमाल, मिक्सरला शिवलेलं झबलं, टीव्हीला सरकती दारं. आजोबांचं एचएमटीचं घड्याळ आमच्याच बंगळूरच्या कारखान्यातलं. तो कारखाना १९६१चा. घड्याळाला रोज संध्याकाळी दिवेलागणीला चावी मिळे. वस्तू बिघडली की दुरुस्त होई, पुन्हा बिघडली की पुन्हा दुरुस्त होई. अगदीच थकली की तिचे स्क्रू डबीत जमा.

अशा घरात टॅब आला.

हातात मावणारा, स्पर्शाने चालणारा आणि आपल्या भाषांत बोलणारा ‘सिम्प्युटर’ याच शहरात, भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांच्या पुढाकाराने घडला होता. २००४मध्ये तो बाजारातही आला, पण घरोघरी पोचला नाही. मग २०१०च्या जानेवारीत आयपॅड जाहीर झाला आणि पाटीएवढा पडदा जगाच्या ओळखीचा झाला. आमच्याकडचा टॅब धाकट्याने नवा घेतल्यावर मागे राहिलेला. आईने त्याला उरलेल्या खणाची पिशवी शिवली आणि आजीच्या पोथीच्या लाकडी स्टँडवर त्याची स्थापना केली.

सकाळी तो आईचा. पूर्वी उद्यान एक्सप्रेसने कुणी आलं की सामानात गुंडाळलेला कालचा मराठी पेपर आम्ही आजचा म्हणून वाचायचो. आता आई आजचाच वाचते, चष्मा न शोधता, अक्षरं बोटांनी हवी तेवढी मोठी करून. मग तो स्वयंपाकघरात जातो. पुरणाची कृती वर सरकवायला पिठाचा हात चालत नाही, म्हणून करंगळी कोरडी राखायची. दुपारी नाट्यगीतं, संध्याकाळी नातवंडांची चित्रं. मोबाइल ज्याचा त्याचा, कुलूपबंद. टॅबचा पासवर्ड मात्र कालनिर्णयाच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेला असतो.

२०२०मध्ये त्याच्यावर सकाळी शाळा भरायची, दुपारी कुणाचं तरी ऑफिस. गणपतीत पुण्याचे, सांगलीचे आणि आम्ही, सगळ्यांनी आरती त्याच्यावरच म्हटली. पुणेकर नेहमी एक ओळ मागे. टाळ्या कुठल्याच जुळेनात, तरी बाप्पापुढे सगळे एकत्र होते.

मग बॅटरी बसली. टॅबला उघडायला स्क्रूच नव्हता, काच डिंकाने घट्ट चिकटवलेली. जवळच्या दुकानात ऐकायला मिळालं, “होसदु तगोळ्ळि,” नवा घ्या. घरात हे वाक्य कुणालाच पचलं नाही. शेवटी एस. पी. रोडवर एका कारागिराने काच हळूहळू ऊब देऊन सैल केली, पातळ पात्याने उचलली आणि नवी बॅटरी बसवली. रात्रभर चार्जरला लावून ठेवू नका, उन्हात ठेवू नका, एवढं बजावलं. आजोबांना हा माणूस फार आवडला असता.

वस्तू उघडताच येऊ नये अशी घडवणं चूक आहे, असं आम्हाला मनापासून वाटतं. ज्यांना चावी, स्क्रू, ठिगळ ठाऊक होतं, त्यांच्या घरांवर तो अन्याय आहे.

तुमच्याही कपाटात एखादा टॅब निजलेला असेल. त्याची बॅटरी फुगलेली असेल तर चार्जिंगला न लावता आधी कारागिराला दाखवा. धड असेल तर चार्ज करा, अक्षरं मोठी करा आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाच्या हाती द्या. आणि हो, पिशवी तेवढी शिवा.